वीज किती जाळली ते राहू दे, किती वाजता जाळली ते सांगा

गोव्यात विजेचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "लायट परत गेली?", आणि महिनाअखेरीला दुसरं, "बिल एवढं कसं आलं?". हल्ली त्यात तिसऱ्याची भर पडलीय, "वरती सोलर घालूया काय रे?" बाजारात, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही बसा, गाडी ह्या तिघांभोवतीच फिरते. चौथा प्रश्न मात्र सहसा कोणी काढत नाही, की आपण वीज वापरतो ती दिवसाच्या कुठल्या वेळेला? आणि माझं म्हणणं असं आहे की शाश्वत ऊर्जा म्हणा, ग्रीन एनर्जी म्हणा, नेट झिरो म्हणा, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळं येऊन ह्या चौथ्या प्रश्नापाशीच अडणार आहे. तंत्रज्ञान तिथेच अडतंय, सरकारी नियम तिथेच बदलतायत, आणि आपली डोकी अजून तिथवर पोचलेली नाहीत. लेख थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी आपली वीज येते कुठून ते बघू. गोव्यात मोठं असं वीज केंद्र नाही. सांकवाळला नाफ्थ्यावर चालणारा ४८ मेगावॅटचा प्रकल्प होता, तो बंद पडला. साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्याच्या गॅसवर थोडी वीज बनते, छतांवर सोलर वाढतंय, पण हे सगळं एकत्र केलं तरी गरजेच्या मानाने किरकोळच. बाकीची बहुतेक वीज बाहेरून, त्यात मोठा वाटा एनटीपीसी ह्या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या कोळशावरच्या केंद्रांचा, छत्तीसगडमधलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल, तेलंगणातलं रामागुंडम वगैरे. म्हणजे डिचोलीत पंखा फिरतो तेव्हा कुठेतरी कोरब्यात कोळसा जळत असतो, धूर तिकडे, राख तिकडे आणि गार वारा इकडे. गंमत बघा, कोळसा म्हटलं की गोंयकाराला मुरगाव बंदरावरची काळी धूळ आठवते, वास्कोच्या लोकांना तर ती खिडकीवर बोट फिरवलं की दिसते, पण तो कोळसा आपल्या विजेसाठी नव्हेच, तो रेल्वेने पुढे कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. आपल्या विजेचा कोळसा आपल्याला कधी दिसतच नाही. देशभरच्या ग्रिडचा, म्हणजे सगळी वीज केंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचा, सरासरी हिशेब धरला तर एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराच्या नावावर २०० किलोच्या वर. एसी असलेल्या घराला ३०० युनिट म्हणजे काय मोठं नव्हे.

आता एक छोटा हिशेब, शाळेतला आहे पण तो डोक्यात पक्का नसला तर पुढचं काहीच कळणार नाही. वॅट म्हणजे ह्या क्षणाला किती वीज ओढली जातेय ते, आणि युनिट म्हणजे अशी ओढून ओढून एकूण किती झाली ते. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट, आणि तुमचा फ्रीज अख्खा दिवस-रात्र चालून साधारण त्याच्या आसपासच जातो. बिलाच्या दृष्टीने दोघं जवळपास सारखेच, मीटरला काय, तो आकडा मोजतो. पण तारांच्या, ट्रान्सफॉर्मरच्या आणि तिकडे कोरब्याच्या दृष्टीने दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण फ्रीज बिचारा दिवसभर थोडं थोडं मागतो आणि गीझर सकाळी साडेसहाला एकदम येऊन उभा राहतो, आणि तोही एकटा नव्हे, अख्ख्या वाड्यावरचे गीझर मिळून.

चोडणची फेरीबोट ज्यांनी पकडलीय त्यांना हे लगेच समजेल. सकाळी ऑफिसच्या वेळेला रॅम्पवर स्कूटरींची ही रांग, आणि दुपारी दोन-अडीचला तीच बोट अर्धी रिकामी. पण बोटी किती ठेवायच्या, माणसं किती ठेवायची हे ठरतं सकाळच्या गर्दीवरून, दुपारच्या शांततेवरून नव्हे. विजेचं तेच आहे. वीज केंद्रं, सबस्टेशनं, लाइनी हे सगळं वर्षातल्या सगळ्यात वाईट तासासाठी बांधतात आणि बाकीच्या वेळी त्यातलं बरंच नुसतं उभं असतं, पण पैसे मात्र पूर्ण वेळेचे लागतात आणि ते शेवटी आपल्याच बिलात किंवा करात येतात. ह्या वाईट तासाला वीजवाले पीक म्हणतात. आणि घरगुती वापर जास्त असलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी हा पीक संध्याकाळी दिवेलागणीनंतर वर चढतो, घरं उजळतात, टीव्ही लागतात, हॉटेलं-बार सुरू होतात, आणि उन्हाळ्यात त्यात एसीची भर पडते.

इथे मोलेच्या अभयारण्याचा विषय काढावाच लागेल. २०२० मध्ये जे आंदोलन पेटलं त्यात तीन प्रकल्प होते, रेल्वेचं दुपदरीकरण, हायवेचं रुंदीकरण आणि तमनारची ४०० केव्हीची वीजवाहिनी. रेल्वेवाल्यांना सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये नकार दिला. वीजवाहिनीच्या बाबतीत कोर्टाच्या केंद्रीय समितीने २०२१ मध्ये शिफारस केली की जंगलातून नवीन पट्टा कापू नका, आधीच्या २२० केव्ही लाइनचा पट्टा आहे तोच वापरा. तमनार म्हणजे पुन्हा छत्तीसगडच, तिथल्या रायगढ जिल्ह्यातलं. आता माझं मत सांगतो, दोन्ही बाजूंना आवडणार नाही कदाचित. आंदोलनवाल्यांचं बरोबरच होतं, अभयारण्यातली झाडं काय परत उगवत नाहीत आपल्या हयातीत. आणि सरकार म्हणत होतं की मागणी वाढतेय, लाइन पाहिजे, तेही खोटं नव्हतं. पण दोघांच्या भांडणात एक गोष्ट कोणी मोठ्याने बोललं नाही, की ही मागणी म्हणजे नेमकी कुठल्या तासाची मागणी? दिवसभराची सरासरी वाढतेय की संध्याकाळचे चार तास फुगतायत? चार तास फुगत असतील तर नवीन लाइन हा त्यावरचा एक उपाय झाला, एकमेव नव्हे. तो तास थोडा खाली दाबता आला तर जंगलातला खांब निदान काही वर्षं पुढे ढकलता येतो. अशी चर्चा विधानसभेत सोडा, फेसबुकवर पण झाली नाही.

आता सोलरकडे वळू. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की भारताची ५० टक्के वीज क्षमता आता बिगर-कोळसा-तेल-गॅस झाली, २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधीच गाठलं. खरंच मोठी गोष्ट आहे, नाक मुरडायचं कारण नाही. पण त्यात "क्षमता" आहे, ती नीट वाचायची. १०० मेगावॅटचं सोलर आणि १०० मेगावॅटचं कोळसा केंद्र कागदावर सारखंच, पण कोळशावालं रात्रंदिवस चालू शकतं आणि सोलर सकाळी हळूहळू उठतं, दुपारी जोरात, सहाला बंद. त्यामुळे क्षमतेत निम्मे झालो तरी प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेत अजून सुमारे ७० टक्के कोळसाच आहे. आणि जसजसं सोलर वाढतंय तसतसं एक विचित्र चित्र दिसायला लागलंय, दुपारी वीज पुरून उरते, घ्यायला गिऱ्हाईक नाही, आणि सूर्य बुडाला की दोन-तीन तासांत कोळसा, धरणं, जे असेल ते सगळं धावत-पळत वर चढवावं लागतं. म्हणजे दुपारी बारा वाजताचं युनिट आणि रात्री आठचं युनिट ह्या आता दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्या मीटरला आणि आपल्या डोक्याला मात्र त्या अजून एकच वाटतात.

आपल्या घरांचाच प्रकार बघा ना. जुनं गोव्यातलं घर म्हणजे चिऱ्याच्या जाड भिंती, उंच माळा, वर मंगळुरी कौलं, कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर, मध्ये राजांगण नाहीतर पुढे बाल्कांव, संध्याकाळी सगळे तिथे बसायचे. ते काय कोणी पर्यावरणासाठी बांधलं नव्हतं, दुसरा इलाजच नव्हता. आज आपण काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकतो, आणि स्लॅबचा स्वभाव असा की तो दिवसभर ऊन पितो आणि सूर्य गेला की ते हळूहळू खाली खोलीत सोडत बसतो. रात्री नऊ वाजता छताला हात लावा, कळेल. म्हणजे नेमकं ज्या वेळेला सोलर झोपलेलं असतं, ग्रिड धापा टाकत असतं, त्याच वेळेला आपलं छत आपल्याला भाजत असतं आणि आपण रिमोट उचलतो. टॉप फ्लोअरवाल्यांचं बिल जास्त का येतं त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. ह्यावर उपाय काय फार भारी नाहीत, स्लॅबवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग, वर थोडं अंतर ठेवून पत्रे किंवा कौलं (पावसाच्या गळतीसाठी गोव्यात बरेच जण करतातच, तोच पत्रा उन्हालाही अडवतो), आणि सोलर पॅनल घातलीत तर त्यांची सावली फुकट मिळते ती वेगळीच. घरांसाठी इको निवास संहिता नावाचा केंद्राचा कोड २०१८ मध्ये आला, भिंत-छत-खिडक्या किती उष्णता आत सोडतात ह्याचे निकष त्यात आहेत. फ्लॅट बुक करताना आपण मॉड्युलर किचन विचारतो, पार्किंग विचारतो, छताचं कोणी विचारत नाही, मग बिल्डर तरी कशाला करेल.

छतावरच्या सोलरबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात म्हणून थोडं सविस्तर. प्रधानमंत्री सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. अनुदान असं आहे, पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट किंवा वर गेलात तर जास्तीत जास्त ७८,००० रुपये. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात, ३ किलोवॅट म्हणजे १२. सरासरी हा शब्द विसरू नका, जून-जुलैत आपल्याकडे चार-चार दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही तेव्हा हा आकडा धाडकन खाली येतो, मग एप्रिल-मेमध्ये भरपाई होते. तेव्हाच केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम पण बदलले, १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीचं कारण सांगून लटकवून ठेवता येत नाही, तो मंजूर झाला असंच धरायचं.

एक गोष्ट विकणारे लोक हळूच सांगतात किंवा सांगतच नाहीत. साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरी नसलेलं, लाइट गेली की बंद पडतं. भर दुपारी, कडक उन्हात पण. लोकांना हे पटतच नाही, "वर एवढी पॅनल आहेत आणि घरात अंधार?" पण कारण सोपं आहे आणि चांगलं आहे, लाइनमन खांबावर चढलेला असतो, तार मेली असं समजून काम करत असतो, आणि तुमच्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. आपल्याकडे पावसाळ्यात माडाचं झावळ पडलं तरी फीडर जातो, तेव्हा "लायट जाते म्हणून सोलर" हा हिशेब धरून पैसे घालू नका, त्याला बॅटरीवालं हायब्रिड लागतं आणि ते महाग पडतं.

आणि इथेच धोरणातली एक गोची आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेलं युनिट आणि रात्री ग्रिडकडून घेतलेलं युनिट एकमेकांत वजा होतं, जणू काय ग्रिड म्हणजे आपली तिजोरी, दुपारी ठेवलं रात्री काढलं. लोकांना सोलरकडे आणायला सुरुवातीला हे पाहिजेच होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की सोलर घातलेलं घरही वेळ शिकत नाही, उलट "आता काय, आपलीच वीज" म्हणून रात्री दोन एसी जास्त लागतात. दुपारी बनवलेली वीज दुपारीच वापरली तर ग्रिडला खरी मदत होते, पण तसं वागल्याचा आपल्याला एक पैसा जास्त मिळत नाही, मग कोण करणार?

ह्यावरचा नियम खरं तर आलेला आहे. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत टाइम ऑफ डे दर आणला, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा भाव. सूर्य असतानाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि पीकच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट तर बाकीच्यांना किमान १.१ पट. १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी एप्रिल २०२४ ची मुदत होती, शेती सोडून बाकी सगळ्यांसाठी एप्रिल २०२५ ची. पण घरी हे चालायचं तर कुठल्या वेळी किती वीज गेली ते कळायला पाहिजे आणि आपल्या जुन्या मीटरला घड्याळच नाही, तो नुसती बेरीज करतो. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो, तो दर पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची नोंद वेगळी ठेवतो.

स्मार्ट मीटर म्हटलं की देशभर लोक बिथरतात, बिल दुप्पट येईल, आपल्यावर नजर ठेवतील, वगैरे. भीती पूर्ण बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही, दुपारी घरात कोणी नसतं आणि सगळा वापर संध्याकाळी असलेल्या माणसाचं बिल ह्या पद्धतीत खरंच वाढू शकतं. पण त्याच नियमांत ग्राहकाच्या बाजूचंही काही आहे. स्मार्ट मीटर बसल्यावर त्यात जास्त लोड दिसला म्हणून मागच्या काळाचा दंड लावता येत नाही. आणि मंजूर लोडच्या, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढायला तुम्हाला मंजुरी आहे त्याच्या, वर तुम्ही गेलात तरी वर्षात निदान तीन वेळा गेल्याशिवाय तुमचा मंजूर लोड वाढवून टाकता येत नाही. मीटर बसवायला माणूस येईल तेव्हा भांडायचं असेल तर हे माहीत असून भांडा.

आता डोक्यांकडे येतो, सगळ्यात अवघड भाग. "लोकांची मानसिकता बदलली पाहिजे" हे वाक्य प्रत्येक सेमिनारमध्ये असतं आणि बोलणारा स्वतः १८ वर लावलेल्या एसीत कुडकुडत बसलेला असतो. भाषण देऊन मानसिकता बदलल्याचं मला तरी दिसलेलं नाही. ती बदलते कशी त्याचे थोडे किस्से सांगतो, खरे आहेत.

कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाचं गाव आहे, तिथला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला. घराघरांच्या दारावर कागद लटकवला, तुमचा वीज वापर एवढा, तुमच्या शेजाऱ्यांची सरासरी एवढी. ज्यांचा वापर जास्त होता त्यांनी कमी केला, शरम वाटली असेल. पण ज्यांचा सरासरीपेक्षा कमी होता त्यांनी वाढवला! म्हणजे "अरे, आपणच कशाला जीव मारतोय" असं झालं. मग कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर नुसता एक हसरा चेहरा काढला, आणि ते वाढणं थांबलं. एवढंच. माणूस पर्यावरणापेक्षा शेजाऱ्याकडे बघून वागतो हे आपल्याला काय अमेरिकेने सांगायला नको, आपल्याकडे नाताळचा स्टार आणि चवथीचं डेकोरेशन शेजारच्यापेक्षा मोठंच लागतं.

दुसरा किस्सा जपानचा. २००५ च्या उन्हाळ्यात तिथल्या पर्यावरण खात्याने कूल बिझ नावाची मोहीम काढली, ऑफिसांत एसी २८ वर आणि त्याच्या जोडीला कोट-टाय काढायची मोकळीक. नुसतं २८ वर ठेवा म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, कारण कोटात २८ सोसत नाही. आणि मंत्रीच बिनटायचे दिसायला लागल्यावर खालच्यांची हिंमत झाली. आपल्याकडे मे महिन्यात नवरा थ्री-पीस सुटात, म्हणून हॉल १८ वर, म्हणून नऊवारीतल्या आज्या शाल गुंडाळून बसलेल्या. इथे तंत्रज्ञानाचा काय संबंध आहे सांगा.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच देशातली, एलईडी बल्ब. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली आणि ३१० रुपयांना घ्यावा लागणारा बल्ब दोनेक वर्षांत खरेदीला ३८ रुपयांपर्यंत खाली आला. कोणी कोणाची मानसिकता बदलत बसलं नाही, वस्तू चांगली होती, स्वस्त केली, दारात आणून दिली, झालं. तसंच एसीचं, २०२० पासून स्टार लेबलवाले नवीन एसी चालू केले की आपोआप २४ वर सुरू होतात. तुम्ही खाली आणू शकता, पण बरेच जण आणत नाहीत, आळस. एका डिग्रीमागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था, म्हणते, म्हणजे हा आळस बराच कामाचा आहे.

पण नुसती वस्तू सुधारून भागत नाही, हे १८६५ मध्येच विल्यम जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने सांगून ठेवलंय. वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम द्यायला लागली, तर कोळसा कमी लागायला हवा होता, झालं उलटंच, इंजिन परवडायला लागलं म्हणून सगळीकडे इंजिनं आली आणि कोळशाचा खप वाढला. एलईडी आल्यावर आपण काय केलं? चवथीला लावलेल्या माळा नाताळ होईपर्यंत बाल्कनीत लुकलुकत असतात, "एलईडीच आहे, काय खातंय". इन्व्हर्टर एसी आला तर बेडरूमचा होता तो हॉलमध्येही आला. म्हणून वस्तू, दर आणि सवय ह्या तिघांना एकत्रच हलवावं लागतं, एकट्यादुकट्याला ढकललं की बाकीचे दोन त्याला मागे खेचतात.

वस्तूंचं चटकन सांगून टाकतो. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, ३० च्या आसपास, दिवसाला १२ तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिट वाचतात, आणि पंखा संध्याकाळी चालतोच, म्हणजे हे थेट पीकमधून वजा. सेट टॉप बॉक्स बटणाने बंद न करता सोडलात आणि तो १० वॅट खात असेल तर महिन्याला ७ युनिट नुसते झोपेत. एसी घेताना नुसते स्टार बघू नका, लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, पण तो आकडा वर्षाला १६०० तासांवर काढलेला असतो, तुम्ही जास्त वापरत असाल तर त्या हिशेबाने वाढवा.

आणि वेळ सरकवायची तर कुठून सुरुवात करायची? घरापेक्षा सोसायटीपासून. फ्लॅटच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बघा, ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट, तो वॉचमन सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सातला सुरू करतो, कारण आधीचा वॉचमन तसंच करायचा. टाकीला काय फरक पडतो पाणी कधी चढलं ते, दुपारी एकला भरून ठेवा. एक टायमर लागतो, बाकी काही नाही. प्रियोळ-सावईकडच्या कुळागरवाल्यांचं तर अजून सोपं, माडा-पोफळींना पाणी दिवसा दिलं तर सोलर पंपच पुरतो, २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना त्यासाठीच आली. हॉटेलांची लाँड्री, बर्फ, कोल्ड स्टोरेज, हे सगळं दुपारी ओढून घेता येतं, आणि किनारपट्टीवर अशी हॉटेलं किती आहेत बघा, एका रिसॉर्टने वेळ बदलली तर कितीतरी घरांएवढा फरक पडतो, म्हणून सगळी नैतिकता घरातल्या गीझरवर लादणं मला पटत नाही.

गाड्यांचं मात्र आताच ठरवायला हवं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि नोंदणी झालेल्या गाड्या आता त्या आकड्याच्याही वर गेल्यात. ह्यातल्या निम्म्या स्कूटरी पुढे-मागे इलेक्ट्रिक झाल्या आणि सगळ्यांनी ऑफिसातून येऊन सात वाजता प्लग लावला, तर पेट्रोल वाचेल पण संध्याकाळचा डोंगर अजून उंच होईल. तीच स्कूटर ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारी चार्ज झाली तर ती उरलेलं सोलर पिते. पाटो, वेर्णा, पर्वरी, इथल्या पार्किंगमध्ये साधे १५ अँपिअरचे प्लग पॉइंट किती आहेत ते जाऊन बघा. कदंबच्या इलेक्ट्रिक बसेस फिरतायत हे चांगलंच आहे, बस भरलेली असली तर माणशी खर्च असाही कमीच पडतो.

एक अडचण मात्र ह्या सगळ्या वेळ-सरकवण्यात लपलेली आहे आणि धोरण लिहिणाऱ्यांना ती दिसत नाही असं मला वाटतं. दुपारी कपडे धुवा, दुपारी इस्त्री करा, दुपारी मिक्सर लावा, म्हणजे दुपारी घरात कोणीतरी पाहिजे. ते कोण? घरातली बाई. जी नोकरीला जाते ती हे संध्याकाळीच करणार आणि तिलाच जास्त दर पडणार. वॉशिंग मशीनला डिले स्टार्टचं बटण असतं, सकाळी कपडे घालून दुपारी एकची वेळ लावायची, पण ते बटण कुठलं हे घरातल्या पुरुषांनीही शोधून ठेवलं तर बरं. आणि भाड्याने राहणाऱ्यांना ना छत, ना मीटर बदलायचा हक्क, त्यांचा विचार तर कुठल्याच योजनेत धड नाही.

बॅटऱ्या येतील आणि सगळं सुटेल असं म्हणणारे पण आहेत. येतायत, स्वस्त होतायत, सोलरसोबत बॅटरीची टेंडरं आता निघतातच. दुसरा मार्ग पाण्याचा, महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, वीज स्वस्त असताना खालचं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि पीकला खाली सोडून वीज काढायची. पण साठवून काढलेली वीज थेट वापरलेल्या विजेपेक्षा नेहमी महागच पडणार, कारण साठवण्यात थोडी जाते आणि बॅटरीचे पैसे वेगळे. जे काम फुकटात दुपारी होऊ शकतं त्यासाठी बॅटरी घेणं म्हणजे उगीचच खर्च, बॅटरी ठेवा रात्रीच्या दिव्यांना, हॉस्पिटलांना, झोपेच्या एसीला.

शेवटी, दर ठरवतो कोण ते. गोव्याचे वीजदर वीज खातं स्वतः ठरवत नाही, ते प्रस्ताव देतं आणि गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त आयोग, जेईआरसी, त्यावर निर्णय देतो. त्याआधी आयोग गोव्यात जाहीर सुनावणी घेतो, तारीख पेपरात येते, कोणीही लेखी हरकत देऊ शकतो, तोंडी बोलू शकतो, वकील लागत नाही. तिथे बहुतेक जण दरवाढ नको एवढंच सांगून येतात. पुढच्या वेळी कोणी जाणार असेल तर दोन प्रश्न जास्तीचे विचारा, घरगुती ग्राहकाला दुपारचा स्वस्त दर कुठल्या महिन्यापासून, आणि तो २० टक्केच का, ३० का नाही.